शेताचा नंबर आणि नकाशा : भौगोलिक माहिती प्रणालीच्या पूर्वेतिहासाविषयी काही विचार

भौगोलिक माहिती प्रणालीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे संगणकाच्या इतिहासाचा एक पोटविभाग सांगावयाचा, अशी समजूत आपल्याकडील पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. 1854 सालची लंडनमधील पटकीची साथ, 1960 नंतरच्या दशकातील कॅनडा, नंतर उपग्रह आणि शेवटी खिशातील दूरध्वनी, असे चार मुक्काम ठरून गेलेले आहेत. हे मुक्काम खोटे आहेत असे नव्हे. परंतु यंत्राच्या मागे जी कल्पना आहे तिचा माग काढावयाचा झाल्यास महाराष्ट्रातील अभ्यासकाने इतके दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात 1835 साली सुरू झालेल्या जमीन मोजणीत ही कल्पना जवळजवळ पूर्णावस्थेत आढळते. आणि तिच्यातील गुणदोषही तेथेच आढळतात, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम ही प्रणाली म्हणजे काय, याचा थोडक्यात उलगडा केला पाहिजे. नकाशा हा एक दस्तऐवज आणि नोंदवही हा दुसरा. नकाशा वस्तू कोठे आहे व केवढी आहे ते सांगतो. नोंदवही ती वस्तू काय आहे, कोणाची आहे, तिच्यात काय पिकते, ते सांगते. दोन्ही दस्तऐवज स्वतंत्रपणे कितीही उत्तम असले तरी त्यांच्यातून एकत्र उत्तर निघत नाही. मात्र नकाशावरील प्रत्येक आकृतीला एक क्रमांक दिला आणि तोच क्रमांक नोंदवहीतील एका ओळीला दिला, की दोन्ही एकमेकांशी बोलू लागतात. नोंदवहीला प्रश्न विचारून उत्तर नकाशावर पाहता येते आणि नकाशावर बोट ठेवून नोंदवहीतील ओळ काढता येते. भौगोलिक माहिती प्रणालीचा प्राण या सामाईक क्रमांकात आहे. संगणकाने हे काम अतोनात वेगवान केले. कल्पना त्याच्याआधीची होय.

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्याकडे जमिनीच्या नोंदी नव्हत्या असा कोणाचा समज असेल तर तो साफ चुकीचा आहे. गावोगावचे थळझाडे, लावणीचे कागद आणि वतनांच्या यादी पाहिल्या म्हणजे कुलकर्ण्यांच्या दप्तराची व्याप्ती ध्यानात येते. पण त्या नोंदीत शेताला नंबर नसे, नाव असे. थळाचे एक नाव, त्यातील शेताचे दुसरे, आणि वादाचा प्रसंग आला तर चतुःसीमा : पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस वाट, दक्षिणेस तमक्याचा बांध. शिलाहार-यादवांच्या दानपत्रांतील आघाटांची पद्धतही हीच. चतुःसीमेत लांबीरुंदीचा आकडा नसतो, कोन नसतो. असतो तो केवळ शेजार. आधुनिक वाचकास ही पद्धत ढोबळ वाटते. परंतु अमेरिकेच्या जनगणना खात्याने 1970 च्या गणनेच्या तयारीसाठी शहरांच्या रस्त्यांची जी संगणकीय नोंद केली, तिच्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यापुढे तो कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत जातो, त्याच्या डाव्या हातास कोणता ठोकळा आहे व उजव्या हातास कोणता, हे लिहिलेले होते. आकार नंतर वाकडातिकडा निघाला तरी शेजार चुकता कामा नये, कारण शेजाराच्या नोंदीवरून नकाशातील चुका आपोआप पकडता येतात, हे त्या रचनेमागील तत्त्व होते. आज त्या शास्त्रास संस्थितिविज्ञान म्हणतात. दोहोंत परंपरेचा काही संबंध नाही, हे उघड आहे. जमिनीचे वर्णन करू पाहणाऱ्याला शेजाराची गरज सर्वत्र भासते, एवढाच त्याचा अर्थ.

पेशवाई 1818 साली बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनीच्या हाती आला. त्यानंतर पहिली मोठी मोजणी रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली व तिच्यावर आधारलेली आकारणी 1830 च्या सुमारास अंमलात आली. प्रिंगल हा हेलिबरीच्या विद्यालयात अर्थशास्त्र शिकून आलेला, आणि रिकार्डोच्या खंडसिद्धांतावर त्याची निष्ठा होती. प्रत्येक शेताचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा सर्व खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा 55 सरकारने घ्यावे, अशी त्याची योजना होती. तत्त्वदृष्ट्या तीत नाव ठेवण्यास फारशी जागा नाही. परंतु या हिशेबाला लागणारी माहिती कोण आणणार? बियाणे किती, बैलांचा खर्च किती, बऱ्या सालात पीक किती, वाईट सालात किती, या शेकडो बाबी कनिष्ठ कारकुनांनी गावोगाव हिंडून लिहावयाच्या होत्या. आणि त्यांनी लिहिलेले खरे की खोटे हे पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन वरिष्ठांपाशी नव्हते. लाच देणाऱ्याची काळी जमीन बरड ठरली, न देणाऱ्याची बरड काळी. मोजणीतही तोच प्रकार झाला. त्यात धान्याचे भाव घसरलेले आणि आकार मूळचाच जड. इंदापूर भागात शेते पडीत पडू लागली, रयत गाव सोडून जाऊ लागली, आणि अखेरीस सरकारला ही सारी आकारणी रद्द करावी लागली.

या अपयशाचे खापर देशी कारकुनांच्या लाचखोरीवर फोडण्याची चाल त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत आहे आणि पुढील अनेक लेखकांनी ती जशीच्या तशी उचलली आहे. आमच्या मते हे निदान अपुरे आहे. तुटपुंज्या पगाराच्या माणसाकडे पडताळता न येणारी माहिती मागावयाची आणि त्या माहितीवर हजारो कुटुंबांचा सारा ठरवावयाचा, ही रचनाच मुळात सदोष होती. तिच्यात दुसऱ्या कोणत्याही देशातील कारकून बसविले असते तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता.

गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर पलटणीतील लेफ्टनंट. या दोघांनी 1835 मध्ये इंदापुरास नव्याने काम आरंभिले तेव्हा त्यांनी प्रिंगलच्या सिद्धांताचा प्रतिवाद करण्याच्या भानगडीत न पडता प्रश्नच बदलला. निव्वळ उत्पन्न किती, हे विचारणेच त्यांनी सोडून दिले. त्याऐवजी डोळ्यांनी दिसेल, कुदळीने खणून पाहता येईल आणि दुसऱ्या माणसाने तेथे जाऊन पुन्हा तपासता येईल, एवढीच माहिती गोळा करावयाची असे त्यांनी ठरविले. या पद्धतीस पुढे निश्चित स्वरूप आले ते 1847 च्या संयुक्त अहवालाने. त्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांच्याबरोबर डेव्हिडसन याचीही सही आहे. मुंबई इलाख्याची मोजणी पद्धत म्हणून जी ओळखली जाते ती ही.

तिचे तंत्र थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. मोजणीची साखळी 33 फुटांची. तिचे 16 आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आजही खेड्यातील माणूस जमिनीचा हिशेब याच मापाने बोलतो. एका बैलजोडीने कसता येईल एवढे क्षेत्र साधारणपणे एक शेत धरावे, त्याच्या हद्दीवर दगड व वरंबे कायम करावेत आणि त्याला गावापुरता एक अनुक्रमांक द्यावा, असा नियम होता. हाच तो सर्व्हे नंबर. लहान लहान तुकडे एका नंबरात एकत्र बांधले गेले. शेताचे मोजमाप टिपणात उतरावयाचे, क्षेत्राचे गणित गुणाकार बुकात करावयाचे, क्षेत्र व आकार आकारबंदात चढवावयाचे आणि सर्व शेते गावाच्या नकाशावर मांडावयाची. टिपण, गुणाकार बुक, आकारबंद व नकाशा या चार कागदांना बांधणारा धागा एकच, तो म्हणजे नंबर. वर सांगितलेली कल्पना ती हीच.

परंतु याहूनही लक्षणीय भाग प्रतबंदीचा आहे. प्रतबंदी करणारा कामगार शेताची हातानेच आकृती काढी आणि तिच्यावर उभ्या-आडव्या रेषा मारून तिचे सारखे खण पाडी. प्रत्येक खणाच्या ठिकाणी जमीन खणून मातीचा प्रकार व तिची खोली पाहावयाची आणि ती त्या खणात आकड्याने लिहावयाची. मातीत चुनखडी आहे, वाळू आहे, जमीन उतरती आहे, पाणी साचते, अशा दोषांकरिता ठरलेल्या खुणा असत. एक दोष आढळला की प्रत एक पायरीने खाली उतरे. पाऊणेदोन हात खोलीची निर्दोष उत्तम काळी जमीन 16 आणे, आणि तेथून नऊ प्रतींत उतरत शेवटची प्रत 2 आणे. सर्व खणांच्या आण्यांची सरासरी ती त्या शेताची प्रत.

आज विद्यार्थ्यांना शिकविताना आपण सांगतो की भूप्रदेश संगणकात दोन रीतींनी साठविता येतो. एका रीतीत हद्दीच्या रेषा व त्यांचे वळणबिंदू नोंदवितात, तिला व्हेक्टर म्हणतात. दुसऱ्या रीतीत सर्व प्रदेश सारख्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीत एक मूल्य लिहितात, तिला रास्टर म्हणतात. मालकीसारख्या काटेकोर हद्द असलेल्या गोष्टीस पहिली रीत सोयीची. माती, पाऊस, उंची यांसारख्या हळूहळू बदलत जाणाऱ्या गोष्टींस दुसरी. इंदापूरच्या मोजणीत शेताची हद्द पहिल्या रीतीने व शेताची माती दुसऱ्या रीतीने नोंदली गेली, हा योगायोग नव्हे. विषयाच्या स्वभावातूनच ती विभागणी निघाली.

पुढची पायरी थरांची. गावांचे गट पाडताना हवामान, पर्जन्य, बाजारपेठ किती लांब, शेतीची सामान्य स्थिती, या गोष्टी पाहून प्रत्येक गटास जिरायत जमिनीचा एक कमाल दर लावीत. समजा एखाद्या शेताचे क्षेत्र 12 एकर, प्रत 8 आणे आणि गटाचा कमाल दर एकरी एक रुपया. तर आकार 6 रुपये. म्हणजे क्षेत्राचा एक थर, मातीचा दुसरा, हवामान व बाजार यांचा तिसरा, आणि एकावर एक ठेवून त्यांचा गुणाकार. भौगोलिक माहिती प्रणालीत धरणाची जागा निवडताना किंवा दुष्काळी तालुक्यांची क्रमवारी लावताना जे केले जाते, त्याचे गणित याहून तत्त्वतः निराळे नाही.

इंदापुरात नवा आकार 30 वर्षांच्या मुदतीने ठरला. तो पूर्वीपेक्षा हलका होता आणि पडीत जमीन पुन्हा लागवडीस आली, एवढे सर्वमान्य आहे. याचे श्रेय किती पद्धतीला द्यावे आणि किती केवळ दर कमी केल्याला, याबद्दल मतभेद होऊ शकतात. मुदत संपल्यावर 1867 च्या सुमारास फेरआकारणी झाली तेव्हा नंबर तेच, प्रतबंदीचे तत्त्व तेच. पण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेल्या कापसाच्या भावांच्या दिवसांत नवे दर ठरले आणि सारा एकदम वाढला. भाव उतरल्यावर तो पेलवेना. 1875 च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे सावकारीबरोबर हा प्रश्नही आलाच. सर्वांत खालचे थर कितीही काळजीपूर्वक तयार केलेले असोत, वरच्या एका थरातील आकडा कोणी व कोणत्या वर्षी भरला यावर उत्तर अवलंबून राहते.

आता कॅनडाकडे वळू. 1961 च्या एका कायद्यान्वये त्या देशाने ग्रामीण पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यासाठी शेती, वने, वन्यजीव व करमणूक या दृष्टींनी जमिनीची क्षमता सात वर्गांत मांडणारी भूमिगणना सुरू झाली. नकाशे हजारोंनी तयार होणार होते. पण ते एकमेकांवर ठेवून क्षेत्रे मोजावयास माणसे पुरणार नव्हती. ओटावा येथील एका हवाई सर्वेक्षण कंपनीत काम करणारा रॉजर टॉमलिन्सन हा तरुण भूगोलतज्ज्ञ याच अडचणीत पूर्वी सापडला होता; केनियात वृक्षलागवडीसाठी जागा निवडण्याचे काम हातांनी करावयाचे तर खर्च आवाक्याबाहेर जात होता. 1962 साली विमानप्रवासात त्याची या भूमिगणनेच्या अधिकाऱ्याशी गाठ पडली आणि त्यातून कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली. नकाशे वाचण्यासाठी आयबीएम कंपनीने एक गोल पिंपासारखे यंत्र खास बनविले. चुंबकीय फितीवर शेजारशेजारच्या प्रदेशांची माहिती शेजारीच यावी म्हणून मॉर्टन याने 1966 मध्ये चौकटींना क्रमांक देण्याची जी नागमोडी रीत काढली, ती आजही वापरात आहे. पुन्हा क्रमांकच! हार्वर्ड विद्यापीठातील फिशर याची प्रयोगशाळा, जिने साध्या छपाईयंत्रावर अक्षरांवर अक्षरे छापून छटा उमटविल्या, तीही याच दशकातली. मात्र टॉमलिन्सनच्या प्रणालीपाशी नोंदवही होती, फिशरपाशी मुख्यत्वे चित्र होते. म्हणून जनकत्वाचा मान पहिल्यास देतात, आणि तो योग्यच आहे.

स्नोच्या पटकीच्या नकाशाविषयी दोनच शब्द. त्याने नकाशा काढला, त्यावर मृत्यूंच्या खुणा एका पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या आणि त्यावरून कारण उमगले, असे सांगण्याची प्रथा आहे. वस्तुतः पाण्याविषयीचे त्याचे मत 1849 पासूनचे होते, पंपाचा दांडा 8 सप्टेंबर 1854 रोजी काढण्यात आला, आणि नकाशा प्रसिद्ध झाला तो पुढील वर्षीच्या पुस्तकात. नकाशा हा तेथे शोधाचा मार्ग नव्हता, पटवून देण्याचे साधन होते. भौगोलिक माहिती प्रणालीचे उपयोग सांगताना हा भेद विसरला जातो.

महाराष्ट्रातील जुने गावनकाशे आज संगणकात चढविले गेले आहेत आणि सातबाराशी जोडले जात आहेत. येथे एक अवघड प्रश्न उद्भवतो. या नकाशांवर अक्षांश-रेखांश नाहीत. ते जागच्या जागी मोजलेले आहेत. त्यांना पृथ्वीच्या गोलावर बसवावयाचे म्हणजे आज जमिनीवर शिल्लक असलेल्या दगडांचा, रस्त्यांच्या फाट्यांचा, शिवेवरील तिवढ्यांचा आधार घ्यावा लागतो. शिवाय भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट याने 1830 मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले, तर उपग्रहावरून मिळणारे स्थान 1984 च्या जागतिक मानावर. एकाच बिंदूच्या या दोन मानांतील आकड्यांत महाराष्ट्रात शंभर मीटरहून अधिक फरक पडू शकतो. एक गुंठ्याची बाजू सुमारे दहा मीटर. मान बदलण्यास विसरलेला तंत्रज्ञ शेत दहा गुंठ्यांच्या रांगेपलीकडे नेऊन ठेवील.

याहून सूक्ष्म, आणि म्हणूनच अधिक घातक, अशी दुसरी गोष्ट. कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ 1:5000 प्रमाणात अडीच मीटर रुंदीची होते. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर ही रुंदी पाचशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे भरते. संगणकाला रेघेची जाडी ठाऊक नसते. तो तिच्या मधोमध एक बिनजाडीची रेषा धरतो आणि तिचे सहनिर्देशक सेंटिमीटरपर्यंत सांगतो. एकोणिसाव्या शतकातील साखळीने, उन्हात, गवतातून मोजलेल्या हद्दीला अशा रीतीने जी अचूकता प्राप्त होते ती कोणी मोजलेली नसते. दोन भाऊ त्या पाच गुंठ्यांसाठी न्यायालयात उभे राहिले म्हणजे मात्र पडद्यावरची रेषाच पुरावा म्हणून पुढे केली जाण्याचा संभव असतो. मूळ टिपण व फाळणीचे कागद पाहिल्यावाचून अशा रेषेवर विसंबू नये असे आमचे स्पष्ट मत आहे; आणि आपल्या विद्यार्थ्यांनी मोडीइतकेच टिपण वाचावयासही शिकले पाहिजे.

नंबराचेही तसेच. 1903 च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर नंबरांचे पोटहिस्से पडत गेले; 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले; पोटहिस्से नोंदवहीत पडले पण नकाशावर पडले नाहीत, असेही पुष्कळ ठिकाणी झाले. सातबाराचे क्षेत्र आणि आकारबंदाचे क्षेत्र यांचा मेळ न बसणे ही महसुली दप्तरातील परिचित अडचण होय. प्रत्येक भूखंडाला त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून 14 अंकी कायम ओळखक्रमांक देण्याचा केंद्र सरकारचा उपक्रम 2021 मध्ये सुरू झाला, तो याच दुखण्यावरचा उपाय आहे. मात्र तो क्रमांक ज्या आकृतीवरून निघतो ती आकृती जुन्याच नकाशातून आलेली असेल, तर जुनी चूकही नव्या क्रमांकाबरोबर कायम होईल.

एका रिकाम्या जागेचा उल्लेख करून हा लेख संपवावयाचा आहे. जुना गावनकाशा उघडला म्हणजे चहूकडे नंबर दिसतात आणि मध्ये, जेथे माणसे राहतात तेथे, गावठाण एवढाच शब्द. घरे नाहीत, वाडे नाहीत, गल्ल्या नाहीत. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून त्याच्या आत साखळी गेली नाही. मोठ्या गावांत पुढे नगरभूमापन झाले. लहान गावांतील घरमालकापाशी मात्र ग्रामपंचायतीच्या कराच्या पावतीपलीकडे नकाशाचा आधार बहुधा नसे. ही पोकळी भरून काढण्यासाठी 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली. भारतीय सर्वेक्षण खात्याचे ड्रोन गावावरून उडते आणि छायाचित्रांवरून घरांच्या हद्दी आखल्या जातात. पण ड्रोनला भिंत दिसते, हक्क दिसत नाही. दोन घरांमधील मोकळी बोळ कोणाची, हे त्याला वरून कळत नाही. म्हणून उड्डाणाच्या आधी शेजारीपाजारी, ग्रामपंचायतीची माणसे आणि सरकारी कर्मचारी जमिनीवर उभे राहून चुन्याच्या भुकटीने प्रत्येक हद्द आखून घेतात, आणि ड्रोन त्या पांढऱ्या रेघांचे छायाचित्र घेते.